नाडी, नेफा आणि नाव

पायजमा, लेंगा, विजार, तुमान, सुरवार, चोळणा. दोन पाय घालायच्या एका शिवलेल्या कपड्यासाठी मराठीनं एवढी नावं गोळा करून ठेवली आहेत, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त बाहेरून आलेली. आम्हां गोंयकारांची त्यात आणखी एक भर, कालसांव. फोंड्याच्या आमच्या घरात बोलणं कोकणी, वाचणं मराठी आणि जुने कागद पोर्तुगीज, त्यामुळे एकाच कपड्याला तीन नावांनी हाक मारायची सवय लहानपणीच लागली. आजोबांची ती विजार, पपांचा तो पायजमा, शेजारच्या तियूंचं, म्हणजे काकांचं, ते कालसांव. दोरीवर वाळत घातलं की कुठलं कुणाचं हे रंगावरूनच ओळखायचं.

पायजमा ह्या शब्दाचा अर्थ शोधायला गेलं तर पहिल्यांदा थोडी निराशाच पदरी पडते. फारसीत ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे कपडा. पायाचा कपडा. संपलं. एवढ्या ऐसपैस कपड्याला इतकं रुक्ष नाव कुणी दिलं असेल असं वाटतं. पण त्यातला जामा जरा उलगडून पाहावा. आपण सणासुदीला ‘सगळा जामानिमा करून’ निघतो, तो जामानिमा म्हणजे जामा आणि नीमा, लांब झगा आणि त्याच्या आतला अर्धा झगा. नीमा म्हणजे अर्धा. राजाची वस्त्रं आणि जवाहीर जिथे ठेवत तो जामदारखाना, आणि तिथला अधिकारी जामदार. जामदार आडनावाची माणसं आज बँकेत असोत की शाळेत, त्यांच्या नावाला दरबारी कपड्यांचा वास आहे. जामा हा असा मानाचा शब्द. त्याला पुढे पाय जोडला आणि तो एकदम घरगुती झाला. दरबारात जामा घालून जातात, पायजमा घालून आपण दूध आणायला जातो.

कपड्यांच्या नावांशी खेळता खेळता मला एक नियम दिसायला लागला. न शिवलेल्या कपड्याचं नाव बहुधा मापावरून पडतं आणि शिवलेल्याचं अवयवावरून. पंचा पाच हातांचा, नऊवारी नऊ वारांची, सहावारी सहाची. ह्या नावांत माणसाचं शरीर कुठेच नाही, नुसतं कापड आहे. ते कापड कुणीही नेसावं, उंच्यानं, बुटक्यानं, लठ्ठानं. निऱ्या कमीजास्त करायच्या, बस. उलट अंगरखा अंग राखतो. कोपरी कोपरापर्यंत येते. कानटोपी, गळपट्टा, हातमोजे, पायमोजे, सगळे आपापला अवयव नावातच घेऊन आलेले. शिवणाऱ्यानं कात्री हातात घेतली की त्याला शरीर मोजावं लागतं, आणि मग कपड्याचं नावही शरीराला चिकटतं. नियमाला अपवाद आहेत. बाराबंदी बंदांच्या संख्येवरून ओळखली जाते, उपरणं वर असतं म्हणून उपरणं. पण एकूण हिशेब जुळतो.

आणि ह्या दोन राज्यांच्या सीमेवर पायजमा उभा आहे. तो शिवलेला तर आहे, नावात अवयवही आहे, पण माप म्हणाल तर जवळजवळ नाही. घेर मोठा, आसन खोल, कंबर नाडीच्या हवाली. आजोबांचा पायजमा पपांना होतो, पपांचा मामांना होतो, आणि पाहुणा अचानक मुक्कामाला राहिला तर कपाटातला कुठलाही त्याला होतो. शिवूनही तो न शिवलेल्यासारखाच वागतो. तो इतका दूरवर फिरला, आणि नावासकट फिरला, ह्याचं कारण मला तरी हेच वाटतं. मापात बसवलेला कोट ज्याचा त्याच्यापुरताच राहतो.

हे मला पहिल्यांदा पटलं ते जत्रेतल्या नाटकांत. गोव्यात देवळाच्या जत्रेला मराठी नाटक पाहिजेच, आणि ते करणार गावातलीच माणसं, शाळामास्तर, टॅक्सीवाला, पंचायतीतला कारकून. ऐतिहासिक नाटक असलं की ड्रेपरीवाल्याची पत्र्याची ट्रंक यायची. ती उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास, जरीचे फाटके काठ, आणि तळाशी सुरवारींचा गठ्ठा. अंगरख्यांवरून भांडणं व्हायची, कारण अंगरखा छातीत दाटतो. सुरवारीवरून कधीच कुणी भांडलं नाही. तीच सुरवार पहिल्या अंकात महाराजांचं काम करणाऱ्याच्या पायात आणि तिसऱ्यात शाहिस्तेखानाच्या. मध्ये फक्त नाडी बदलायची, कारण गेल्या खेळातली कुणीतरी गाठ मारून अशी काही ओढलेली असायची की ती कापूनच काढावी लागे.

नाडी ओवणं हे आमच्याकडे मुलींचं काम. नेफ्याच्या तोंडाशी सेफ्टी पिन लावून नाडी आत सरकवायची, बाहेरून बोटांनी पिन चाचपत पुढं ढकलायची, मागून कापडाच्या चुण्या सारख्या करायच्या. अर्ध्यावर आलं की पिन उघडायची आणि नेफ्याच्या आत रुतून बसायची. मग उलटं करा, बाहेर काढा, पुन्हा सुरू करा. माझी आजी पिन वापरत नसे. तिच्याकडे बांबूची एक काडी होती, एका टोकाला खाच पाडलेली, वापरून वापरून हस्तिदंतासारखी गुळगुळीत झालेली. तिची नाडी एका दमात आरपार जायची. नेफा हा शब्दही फारसीच, आणि हिंदीत नाडीला इजारबंद म्हणतात, इजार बांधणारा तो इजारबंद.

ह्या इजारपाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीतली मोठी उलथापालथ तिथे आहे. आपली विजार म्हणजे अरबी इजार, पुढचा ‘वि’ आपण आपल्या सोयीनं जोडलेला. पण अरबीत इजार म्हणजे शिवलेली विजार नव्हेच. इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, आपल्या लुंगीच्या किंवा पंचाच्या जातीचं. हजला जाणारा पुरुष आजही इहरामच्या वेळी दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं घेतो. खालचं जे कमरेला गुंडाळतात त्याचं नाव इजार. त्या पवित्र अवस्थेत शिवलेला कपडा पुरुषाला चालत नाही. आता हे वाचून फोंड्याच्या आसपासचा कुठलाही माणूस हसेल, कारण आमच्याकडे गाभाऱ्यात जायचं तर सोवळं नेसावं लागतं, आणि सोवळं म्हणजे न शिवलेलं. मंगेशीला, शांतादुर्गेला, म्हाळशेला, अभिषेकाला बसणारा यजमान शर्ट-पॅन्ट काढून ठेवतो आणि कमरेला सोवळं गुंडाळतो. देवापुढे शिंप्याच्या हातचं नको, विणकराच्या हातचं तेवढं चालतं, ह्यावर मक्का आणि म्हाळशेचं म्हार्दोळ यांचं एकमत आहे.

आणि ज्या शब्दाचा अर्थच मुळी न शिवलेलं वस्त्र, तो हिंदुस्थानात आल्यावर शिवलेल्या कपड्याला चिकटला. मोगलांकडे आणि दख्खनी दरबारांत इजार म्हणजे पायांत घालायचा शिवलेला कपडा झाला होता. तिथून ती मराठीत विजार झाली, मग चट्ट्यापट्ट्यांची विजार झाली, मग गंजीफ्रॉकबरोबर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसली. माझे आजोबा सकाळी पूजेला पंचा नेसत आणि पूजा आटोपली की विजार चढवीत. विजार हे नावही मुळात पंचासारख्याच कपड्याचं होतं हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. बहुतेक ‘बरं मग?’ म्हटलं असतं.

लेंग्याची गंमत वेगळी. हिंदीतला लहंगा बायकांचा घागरा, आणि आपला लेंगा पुरुषांचा. हे दोन शब्द भाऊबंद दिसतात, पण नर्मदा ओलांडताना एकानं घर बदललं. लेंगा-सदरा म्हटलं की डोळ्यांपुढे टोपीवाला शेतकरी उभा राहतो, नवरी नव्हे. तुमान फारसी-तुर्की वळणाची, आता घाटावरच्या बोलीत तेवढी उरली आहे. चोळणा गुडघ्यापर्यंतचा, घोडेस्वाराचा, तो मेला.

सुरवारीचं कूळ सगळ्यांत लांबवर पसरलेलं. फारसी शलवार, अरबी सिरवाल, त्याचं अनेकवचन सरावील. अरबांनी तो कपडा आणि शब्द दोन्ही स्पेन-पोर्तुगालात नेले, आणि पोर्तुगीजात त्याचे झाले ‘सेरोलश’, आतून घालायच्या लांब चड्ड्या. म्हणजे १५१० साली आफोंस द आल्बुकेर्कची माणसं मांडवीत शिरली तेव्हा त्यांच्या अंगात, पँटीच्या आत, आमच्या सुरवारीची दूरची बहीण आधीच होती. मलायातही सलुआर म्हणजे विजार. एका शब्दानं निम्मी पृथ्वी झाकली, तीही कमरेखालची.

गोव्यातून पायजम्याच्या गोष्टीला एक वेगळंच वळण मिळतं. फ्रांस्वा पिरार नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी होता. १६०२ साली त्याचं जहाज मालदीवच्या खडकांवर फुटलं, पुढची पाच वर्षं तो तिथेच अडकून पडला. तिथून सुटल्यावर कोचीनच्या तुरुंगाची हवा खाऊन, आजारी होऊन, १६०८ मध्ये तो गोव्याला पोचला आणि थेट राजाच्या इस्पितळात दाखल झाला. जुन्या गोव्यातलं ते इस्पितळ पोर्तुगीज शिपायांसाठी होतं आणि जेजुइट पाद्री ते चालवत. पिरारनं त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. असं इस्पितळ जगात दुसरं नसेल इथवर. आणि तिथल्या सामानाची यादी देताना तो जाता जाता सांगून जातो की इथे कालसोंचा भरपूर साठा असतो, कारण हिंदुस्थानातले पोर्तुगीज कालसों घातल्याशिवाय कधी झोपत नाहीत.

तोवर युरोपात माणसं झोपायची ती लांब शर्टात नाही तर नुसत्याच पांघरुणाखाली. सैल विजार घालून झोपायची ही रीत त्यांना इथे लागली. का लागली ह्याचं कारण पिरार देत नाही, पण जून महिन्यात मांडवीकाठी एक रात्र काढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. उघडं झोपावं तर डास, पांघरावं तर घाम. पायघोळ सुती विजार ही त्यावरची तडजोड आहे, आणि आमच्या घरात पंख्याखाली ती आजही चालू आहे.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्या दोन ब्रिटिशांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला. पायजम्याच्या नोंदीत ते पिरारचं हे वाक्य देतात आणि तर्क करतात की रात्री पायजमा घालायची सवय इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून उचलली असावी. तर्क म्हणूनच तो घ्यावा, पण मला तो पटतो. दिवसा मुसलमान सरदार ज्या कपड्यात घोड्यावर बसे, शीख ज्यात शेतात जाई, बायका ज्यात घरकाम करीत, तो कपडा फिरंग्यांच्या हाती लागला आणि अंथरुणात गेला. इंग्रज आधी त्याला मोगल ब्रीचेस म्हणत, मग लाँग ड्रॉवर्स, आणि शेवटी आपलाच शब्द घेऊन पायजामाज. अनेकवचन त्यांना लागतंच. दोन पाय म्हणजे दोन कपडे असा त्यांचा हिशेब. एकोणिसाव्या शतकात हे पायजामाज लंडनच्या दुकानांत पोचले. त्याच कोशात एक किस्सा आहे तो सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडनचे शिंपी काही पायजम्यांना खाली पावलंही शिवून देत, मोज्यासारखी. कुणीतरी शिंप्याला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, साहेब, वाळवीसाठी असावं. वाळवी माणसाचे पाय खाते असा त्या बिचाऱ्याचा समज. आमच्या पोटमाळ्यावरची वाळवी पाहिली असती तर त्याचा समज आणखी पक्का झाला असता.

ह्यातली खरी मजा पुढे आहे. इंग्रजीतून पायजमा फ्रेंचमध्ये गेला, आणि पोर्तुगीजातही गेला. पोर्तुगीज आज जो ‘पिजामा’ घालून झोपतो तो शब्द त्यानं इंग्रजाकडून घेतला. ज्यांचे पूर्वज गोव्यात इंग्रजांच्या किती आधी सैल विजारीत घोरत होते, त्यांना तिचं देशी नाव घ्यायला तीनेकशे वर्षांनी लंडनला जावं लागलं. कारण इथे असताना त्यांनी तिला आपलं नाव दिलं होतं, कालसांव. पिरारचे कालसों तेच. आणि त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘काल्सेउस’, म्हणजे जोडा. पायातल्या जोड्यावरून पायमोजा, पायमोज्यावरून विजार, असा तो पायावर चढत चढत कमरेपर्यंत आला. शेजारच्या तियूंचं कालसांव आणि पपांचा पायजमा, दोघांचं मूळ असं पायातच निघालं.

असे शब्द माग काढत काढत शोधणारा सर्वांत मोठा माणूस आमच्याच मातीतला होता. मोन्सिञोर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गाद यांचा जन्म १८५५ चा, बार्देशातल्या आसगावचा. धंद्यानं पाद्री, वृत्तीनं शब्दांचा पारधी. कोकणी-पोर्तुगीज कोश त्यांनी १८९३ मध्ये मुंबईत छापला. पोर्तुगीज शब्द आशियातल्या पन्नासेक भाषांत कुठे कुठे जाऊन बसले हे १९१३ मध्ये मांडलं. आणि आशियातले शब्द पोर्तुगीजात कसे आले ह्याचा दोन खंडी कोश १९१९ आणि १९२१ मध्ये काढला. दुसऱ्याच वर्षी लिस्बनला ते वारले. कोकणी-मराठीच्या वादात आपण किती शाई घालवली, आणि हा आसगावचा माणूस एका टेबलावर मराठी, कोकणी, अरबी, मलय सगळ्यांना मांडीला मांडी लावून बसवत होता.

दाल्गाद ज्या शब्दांमागे गेले त्यांत कबाय आहे. मूळ अरबी ‘कबा’, पुढून उघडा लांब झगा. जुन्या मराठीतही कबा आहे, कबाय आहे. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज लेखक इकडच्या बड्या लोकांचे पायघोळ झगे पाहत आणि लिहीत, कबाया. डच प्रवासी लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्यानंही बाहेर जाताना घालायच्या पातळ सुती झग्याला कबाया म्हटलं आहे. हाच शब्द पूर्वेकडे जावा-मलायात पोचला आणि ‘कबाया’ नावाचा तिथल्या बायकांचा नाजूक, भरतकामाचा झगा झाला. २०२४ च्या डिसेंबरात इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि थायलंड ह्या पाच देशांनी मिळून तो युनेस्कोच्या यादीत चढवला. आमच्या कबायीला कुणी यादीत घातली नाही. ती शब्दकोशात निवांत आहे.

पूर्वेकडे गेलेल्याची भरपाई म्हणून तिथून एक कपडा आमच्याकडे आला. मांडो नाचताना ख्रिस्ती बायका जो पेहराव करतात त्याला पानो-बाजू म्हणतात. पानो पोर्तुगीज, म्हणजे नुसतं कापड. ते कमरेला गुंडाळायचं. बाजू मलय भाषेतला, म्हणजे सैल जाकीट. ते शिवलेलं, मखमलीचं नाहीतर रेशमी, सोनेरी कलाबतूनं भरलेलं. मलय ‘बाजू’चं नातं काही जण फारसी ‘बाझू’शी, म्हणजे दंडाशी लावतात, तोच आपल्या बाजूबंदातला बाजू. हे नातं खरं धरलं तर माझा नियम ह्या एका जोडनावात पुरा बसतो. खालचं न शिवलेलं म्हणून नुसतं कापड, वरचं शिवलेलं म्हणून अवयव. लिन्सखोतेननं तेव्हाच लिहून ठेवलं आहे की गोव्यातल्या पोर्तुगीज घरांतल्या बायका घरात बाजू घालतात आणि तो इतका पातळ असतो की आतलं सगळं दिसतं. आज तोच बाजू रंगमंचावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, मखमलीच्या जाडीनं मिरवतो. उकाड्यातला घरगुती कपडा सणाचा झाला की पहिल्यांदा त्याची हवा जाते.

कपड्यांच्या ह्या मौजेला गोव्यात एक काळी बाजूही आहे. १७३६ साली इथल्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, एक फर्मान काढलं. एतद्देशीय ख्रिस्त्यांनी काय काय करू नये ह्याची ती लांबलचक यादी आहे. दारात तुळस ठेवू नये, हिंदूंसारखा मिठावाचून भात शिजवू नये, आणि पुरुषांनी पुडवें नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. पुडवें म्हणजे आमचं धोतर. पुडव्यावर बंदी का, हे माझ्या नियमात बसतं. न शिवलेलं कापड म्हणजे जुना धर्म, शिवलेलं म्हणजे नवा, अशी ती सरळ रेघ. पण चोळी तर शिवलेलीच असते. तेव्हा नियम तिथे लंगडतो, आणि खरं सांगायचं तर लंगडलेला बरा. सत्तेला कपड्याच्या शिवणीशी देणंघेणं नसतं, तो कपडा कुणाचा म्हणून ओळखला जातो एवढंच तिला बघायचं असतं. मिठावाचूनच्या भातात तरी कुठली शिवण होती?

आता दिवस-रात्रीच्या हिशेबाकडे परत येते, कारण तो आमच्या वाड्यावर रोज सकाळी डोळ्यांना दिसतो. पायजमा दिवसाचा रात्रीत गेला. गाऊन नेमका उलटा आला. नाव इंग्रजी, काम झोपण्याचं, पण सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो तेव्हा फाटकांशी उभ्या असतात त्या सगळ्या गाऊनवाल्या. खांद्यावर टॉवेल किंवा जुनी ओढणी टाकली की रात्रीच्या कपड्याचा दिवसाचा कपडा होतो, एवढी ती ओढणी समर्थ असते. पाव घ्यायचे, मासळीवालीशी घासाघीस करायची, कचऱ्याच्या गाडीवर ओरडायचं, मुलाला बसपर्यंत सोडायचं, सगळं गाऊनमध्ये. जेवणानंतर आडवं व्हायचं तेही त्यातच. माझ्या आजीनं हा कपडा कधी अंगाला लावला नाही. आईनं लावला, आणि पपा काही बोलले नाहीत, कारण ते स्वतः चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात गॅरेजपर्यंत जाऊन येत. गाऊनला मराठीत अजून नाव नाही. मॅक्सी म्हणा, नायटी म्हणा, सगळं उसनंच. लाखो बायका दिवसाचे बारा-बारा तास ज्यात वावरतात त्या कपड्याला भाषेनं घरचं नाव देऊ नये, ह्याचं मला नवल वाटतं. पुरुषांच्या विजारीला सहा नावं आणि आमच्या गाऊनला एकही नाही.

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात पायजमा पुन्हा दिवसात आला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले, त्यांनी तो नाडीसकट उचलला, आणि तेव्हापासून त्या किनाऱ्यावर पायजमा हा बाहेर जायचा कपडा आहे. आसन गुडघ्यापर्यंत लोंबणारे, हत्ती छापलेले, घोट्याशी इलॅस्टिक. विकणारे त्याला अलादीन म्हणतात, हॅरेम म्हणतात. रशियन, इस्रायली, दिल्लीकर, सगळे तो घालून दुपारच्या उन्हात स्कूटर हाणतात. माझा मामा त्या बाजारात एकदा आला होता. इकडेतिकडे बघून त्यानं मला हळूच विचारलं, ‘गो, ही माणसां अजून उठूंक ना काय?’

गेल्या पावसाळ्यात घरच्यासाठी सुती कापड घेऊन मी बाजारातल्या शिंप्याकडे गेले. शिंप्याला पोर्तुगीजात आल्फायात म्हणतात, तोही अरबी ‘अल-खय्यात’वरून, ह्या धंद्यात एक शब्द सुखानं घरचा मिळत नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक ट्यूब, भिंतीवर दत्त आणि क्रूस शेजारी शेजारी, कारण जागा मालकाची आणि दत्त शिंप्याचा. त्यानं कापड चार घड्या करून पसरलं, खडूनं आसनाची वळणरेषा ओढली, आणि माप घ्यायला टेप उचललाच नाही.

‘उंची किती, एवढंच सांगा, वैनी.’

‘भाचीला नाईट पॅन्ट हवी. तिच्या मैत्रिणीकडे पलाझो आहे तसली.’

पलाझो इटालियन, म्हणजे महाल. अवयव नाही, माप नाही, थेट इमारत. मी ते त्याला सांगितलं. त्याला काही विशेष वाटलं नाही.

‘घेर तोच असतो हो. कापड पाडायचं एकच, आसन एकच. गिऱ्हाइकं दर वर्षी नाव बदलून येतात. इलॅस्टिक की नाडी?’

‘दोन्ही घाला. इलॅस्टिक सहा महिन्यांत ढिलं होतं.’

‘तेच म्हणतो मी सगळ्यांना.’ त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि पावतीपुस्तकात लिहिलं: लेंगा, १. नाडी व इला. शुक्रवारी.